डीफ्रॉस्ट: एक शब्द, तीन कामं आणि नेहमीच्या चुका

फ्रीजच्या नॉबवर, मायक्रोवेव्हच्या पॅनेलवर आणि गाडीच्या डॅशबोर्डवर एकच शब्द सापडतो: डीफ्रॉस्ट. तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ साचलेला बर्फ किंवा दव घालवणं एवढाच. तापवणं नव्हे. फ्रीजरमध्ये सुरी खुपसणारा, मायक्रोवेव्ह पूर्ण पॉवरवर लावून चिकनच्या कडा शिजवून ठेवणारा आणि गोठलेल्या काचेवर उकळतं पाणी ओतणारा, या तिघांची चूक एकच आहे. हे काम सावकाश व्हायचं असतं आणि त्यांना ते दहा मिनिटांत उरकायचं असतं.

## आधी शब्द नीट धरा

मराठीत पाणी गोठतं आणि बर्फ वितळतो, तूप थिजतं आणि पघळतं, साखर विरघळते. प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे. पण दगड झालेलं चिकन पुन्हा मऊ करणं, याला घरात रुळलेलं क्रियापद नाही. मग आपण म्हणतो, "चिकन बाहेर काढून ठेव." ऐकणारा ते फ्रीजरमधून काढतो आणि थेट ओट्यावर ठेवतो. पुढच्या बऱ्याच चुकांचं मूळ या वाक्यात आहे. म्हणायला हवं, "चिकन खाली काढून ठेव," म्हणजे फ्रीजरमधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात.

दुसरा घोळ 'डीफ्रीज' या शब्दाचा. कित्येक घरांत 'डीफ्रीज' म्हणजे डीप फ्रीझर, आणि कित्येक घरांत तोच शब्द डीफ्रॉस्टसाठी. त्यामुळे "मासे डीफ्रीज कर" या सांगण्यावर एक जण मासे बाहेर काढेल, दुसरा आत टाकेल. स्वयंपाकाच्या मावशींना चिठ्ठी लिहून ठेवत असाल तर 'वरून खाली काढा' किंवा 'वर ठेवा' असं सरळ लिहा.

इंग्रजीत बोलताना एवढं लक्षात ठेवा: डीफ्रॉस्ट पदार्थालाही चालतं, फ्रीजलाही आणि काचेलाही. 'थॉ' पदार्थाला, गोठलेल्या जमिनीला आणि ताणलेल्या संबंधांनाही चालतं, पण 'थॉ द फ्रीज' कोणी म्हणत नाही. 'मेल्ट' बर्फाला, लोण्याला, चॉकलेटला. चिकन मेल्ट होत नाही. आणि बँकेने गोठवलेलं खातं 'अनफ्रीज' होतं, डीफ्रॉस्ट नव्हे.

## पहिलं काम: फ्रीजरमधला बर्फ काढणं

हे फक्त डायरेक्ट कूल फ्रीजसाठी, म्हणजे साधारणपणे एकदारी फ्रीज, ज्यात वर छोट्या झाकणाचा फ्रीजर असतो. फ्रॉस्ट फ्री फ्रीजला हे करावं लागत नाही. त्याचं खाली वेगळं सांगितलं आहे.

बर्फाचा थर साधारण 5 मिलिमीटर झाला की काढायची वेळ झाली. बर्फ थंडावा वाढवत नाही, उलट अडवतो. थर जाड झाला की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि खालचं दूध मात्र नासतं. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, हवाच दमट असते. दार उघडलं की तीच हवा आत जाऊन गोठते, म्हणून एरवी महिन्याने करायचं काम तेव्हा पंधरवड्यावर येतं.

1. दिवस निवडा. बाजार करायच्या आदल्या दिवशी, फ्रीज रिकामा असताना. दोन ते तीन तास हाताशी ठेवा. रात्री बटण दाबून झोपायचं असेल तर ट्रे भरून वाहील, हे गृहीत धरून खाली जुनं फडकं अंथरा.

2. फ्रीजरमधलं सामान एकत्र बांधा. पिशव्या एकमेकींना चिकटून ठेवा, वर्तमानपत्राच्या पाच-सहा घड्यांत गुंडाळा आणि थर्माकोलच्या खोक्यात घाला. सुट्या ठेवलेल्या पिशव्या लवकर मऊ पडतात, एका गठ्ठ्यात त्या दोन तास सहज टिकतात.

3. पाण्याची वाट तपासा. फ्रीजरच्या खाली चिलर ट्रे असतो. तो जागेवर आहे ना, रिकामा आहे ना हे बघा. फ्रीजच्या आत मागच्या भिंतीला पाणी जायचं भोक असेल तर त्यात कोथिंबिरीची काडी अडकलेली असते, ती हमखास! कानकाडीने मोकळं करा आणि चमचाभर पाणी सोडून बघा.

4. बटण दाबा. थर्मोस्टॅटच्या नॉबच्या मधोमध जे बटण असतं ते. दाबल्यावर कॉम्प्रेसर थांबतो, दिवा चालू राहतो. बर्फ वितळून फ्रीजर पुरेसा गरम झाला की बटण आपोआप बाहेर येतं आणि फ्रीज पुन्हा सुरू होतो. बटण नसेल तर प्लग काढा.

> तपासा: बटण दाबताच लगेच बाहेर येत असेल तर फ्रीजर आधीच पुरेसा गरम आहे. बिघाड समजून ते बोटाने दाबून धरू नका.

5. घाई असेल तर गरम पाण्याचं पातेलं. प्लग काढा. फ्रीजरमध्ये चौपदरी फडकं, त्यावर कढत पाण्याचं पातेलं ठेवा (उकळतं नको), फ्रीजरचं झाकण लावा. दर दहा-पंधरा मिनिटांनी पाणी बदला. तीन-चार फेऱ्यांत बाजूचे थर सुटायला लागतात.

6. सुटलेले थर हाताने उचला. आपणहून हलत असेल तेच काढा. चिकटलेलं असेल तर आणखी एक पातेलं ठेवा.

> सावध: सुरी, उलथनं, स्क्रूड्रायव्हर यातलं काहीही नको. त्या ॲल्युमिनियमच्या भिंतीतच गॅसच्या नळ्या आहेत आणि भिंत पातळ असते. टोक घुसलं की 'फुस्स' असा आवाज येतो आणि फ्रीज संपला. ते भोक बुजवून गॅस पुन्हा भरणं हे महागडं काम आहे आणि पुष्कळदा टिकत नाही. आजकालच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-600ए हा गॅस असतो आणि तो पेट घेणारा आहे. भोक पडलंच तर खिडक्या उघडा, गॅसची शेगडी पेटवू नका, विजेच्या बटणांना हात लावू नका.

हेअर ड्रायरही नको. ठिबकणारं पाणी आणि हातात विजेचं उपकरण हा नसता धोका. मीठ टाकायचा सल्लाही फिरत असतो, त्याने ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

7. पुसा आणि कोरडं करा. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा, त्याने पुसून घ्या. मग कोरड्या फडक्याने. ही पायरी सगळे गाळतात. भिंत ओली राहिली तर फ्रीज सुरू होताच तेच पाणी बर्फाचा पहिला थर होतं, आणि नव्या बर्फाला धरायला खरखरीत जागा मिळते.

8. सुरू करा, पण लगेच भरू नका. प्लग काढला असेल तर निदान पाच मिनिटं थांबून लावा. आत किमान दोन तास थंडावा धरू द्या, मग सामान परत. पिशवीत बर्फाचे कण दिसत असतील आणि मधला भाग घट्ट असेल तर ते पुन्हा गोठवायला चालतं. पूर्ण मऊ आणि कोमट झालं असेल तर त्याचा मोह सोडा.

बर्फ आठवड्याभरात परत धरला तर दाराचा रबर बघा. दारात एक कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निसटला तर त्या ठिकाणी रबर सैल आहे. चारही कडांना, विशेषतः खालच्या कोपऱ्यांना, असं करून बघा. कधी कधी रबर चांगलाच असतो, त्याच्या खाचेत चिकट घाण साचलेली असते.

### फ्रॉस्ट फ्री फ्रीज असेल तर

मागच्या पडद्याआड हीटर असतो, तो ठरावीक काळाने चालू होऊन बर्फ वितळवतो. मधूनच येणारा 'चर्रर्र' असा आवाज त्याचाच, त्याला घाबरायचं कारण नाही. पण मागच्या भिंतीवर बर्फ दिसू लागला, पंखा घासल्यासारखा वाजू लागला आणि वर गोठतंय पण खाली थंड होत नाही असं झालं, तर हीटर, सेन्सर किंवा पाण्याची नळी यांपैकी काहीतरी अडलंय. प्लग काढून दारं दिवसभर उघडी ठेवलीत तर फ्रीज आठ-पंधरा दिवस नीट चालेल. पण तो इलाज नव्हे, रोगाची खूण आहे. पुन्हा तसंच झालं की मेकॅनिकला याच शब्दांत सांगा: "पूर्ण वितळवल्यावर इतके दिवस चाललं." त्याचा निम्मा तपास तिथेच होतो.

## दुसरं काम: गोठवलेला पदार्थ सैल करणं

जिवाणू वाढण्याचा पट्टा 5 ते 60 अंश सेल्सिअस. चिकनचा दगड ओट्यावर ठेवला की बाहेरचा भाग दोन तासांत घराच्या तापमानाला येतो आणि मध्ये अजून बर्फ असतो. आपण मधला भाग सैल व्हायची वाट बघतो आणि बाहेरचा तोवर बिघडत असतो. म्हणून ओटा नको, उन्हात तर नकोच, आणि कोमट पाण्याचं भांडंही नको.

### तयारी गोठवतानाच होते

सैल व्हायला लागणारा वेळ वजनापेक्षा जाडीवर ठरतो, आणि जाडी दुप्पट झाली की वेळ दुपटीहून बराच वाढतो. खिम्याचा अर्धा किलोचा गोळा रात्रभरातही मधून कडक राहतो. तोच खिमा पिशवीत दोन सेंटीमीटर जाड, वहीसारखा सपाट करून गोठवला तर चार-पाच तासांत हाती येतो. मासे एकेक तुकडा सुटा, मग पिशवीत. ओलं खोबरं वाटीवाटीच्या पुड्यांत. आमरस सपाट पिशवीत, वर तारीख घालून. एकेका वेळेला लागतं तेवढीच पुडी केली की उरलेलं परत गोठवायचा प्रश्नच येत नाही.

### पद्धत एक: फ्रीजचा खालचा कप्पा

1. पदार्थ पिशवीसकट काठ असलेल्या ताटात ठेवा.
2. ताट सगळ्यात खालच्या फळीवर. वरच्या फळीवर ठेवलं आणि रक्त-पाणी ठिबकलं की खालच्या दह्यात आणि कोशिंबिरीत जातं.
3. वेळ धरा: अर्धा किलो माशाचे तुकडे किंवा चिकनचे तुकडे, एक रात्र. एक-सव्वा किलोची अख्खी कोंबडी, पूर्ण दिवस. दीड दिवस धरला तरी चालेल.
4. सैल झाल्यावर चिकन, मासे आणि खिमा एक-दोन दिवसांत शिजवा.

> सावध: हवाबंद पॅकिंगमधला मासा सैल करण्याआधी पॅकिंगला चीर द्या किंवा मासा काढून झाकणाच्या डब्यात ठेवा. हवा नसलेल्या पाकिटात फ्रीजच्या थंडीतही बोट्युलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जिवाणू वाढू शकतात, आणि त्यांचं विष वासावरून कळत नाही.

### पद्धत दोन: थंड पाणी

पाहुणे दुपारी यायचे आहेत आणि सुरमई अजून वर आहे, अशा वेळी हीच.

1. पिशवी पाणी शिरणार नाही अशी बंद करा. उलटी धरून, हलकी दाबून बघा. पाणी शिरलं तर मासा पचपचीत होतो.
2. मोठ्या पातेल्यात थंड पाणी, त्यात पिशवी बुडवा. तरंगत असेल तर वर ताटली ठेवा.
3. दर अर्ध्या तासाने पाणी बदला.
4. अर्धा किलोला साधारण एक तास, दीड किलोला दोन ते तीन. सपाट पिशवीतल्या कोळंबीला वीस मिनिटं पुरतात.
5. काढलं की लगेच शिजवा.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळातून थंड येतच नाही, ते चांगलं कढत असतं. तेव्हा माठातलं पाणी घ्या किंवा पातेल्यात बर्फाचे खडे टाका.

### पद्धत तीन: मायक्रोवेव्ह

डीफ्रॉस्टवर ओव्हन साधारण 30 टक्के पॉवर वापरतो. साध्या ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, काही सेकंद चालतो, काही सेकंद थांबतो. हा थांबण्याचा वेळ वाया जात नाही. मायक्रोवेव्ह लहरी बर्फाला फारशा तापवत नाहीत, पाण्याला मात्र झटकन तापवतात. कडेचा एक कोपरा वितळला की सगळी शक्ती तिकडेच जाते. तो शिजतो आणि शेजारचा दगडच राहतो. मधल्या विश्रांतीत तो कोपरा आपली उष्णता शेजाऱ्याला देतो.

1. थर्माकोलचा ट्रे, प्लास्टिक आणि खालचा शोषकागद काढा.
2. काचेच्या ताटलीत ठेवा. जाड भाग बाहेरच्या बाजूला, पातळ टोकं मध्ये.
3. वजन फक्त पदार्थाचं द्या, भांड्याचं धरू नका.
4. बीप वाजला की उलटा. तुकडे सुटत असतील ते वेगळे करा आणि सैल झालेले बाहेरच काढा.
5. कडा मऊ, मध्ये अजून गार आणि थोडं घट्ट, इथे थांबा. पाच-दहा मिनिटं झाकून ठेवा. उरलेलं आपोआप होतं.
6. लगेच शिजवा. काही भाग कोमट झालेलाच असतो, त्यामुळे मुरवायला ठेवणार असाल तर ही पद्धत नाही.

> तपासा: तंगडीच्या सांध्यात सुरीचं टोक घाला. कचकन लागलं तर आत बर्फ आहे. तळायचं असेल तर बर्फाचा कणही नको. तो गरम तेलात पडला की तेल अंगावर उडतं. रश्श्यात घालायचं असेल तर थोडं घट्ट असलं तरी चालतं, फक्त शिजायला सुमारे दीडपट वेळ धरा.

सैल झालेल्या माशाला पाणी सुटतं. ते टाकून द्या, तुकडे कागदाने टिपून घ्या आणि मगच हळद-मीठ-आगळ लावा. टिपलं नाही तर मसाला तव्यावर माशापासून वेगळा होतो, आणि दोष रव्याला लागतो.

### पुन्हा गोठवायचं का?

फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सैल झालेलं, तर हो. चव आणि पोत उतरतो एवढंच. थंड पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये सैल केलेलं आधी शिजवा, मग गोठवा. ओट्यावर दोन तासांहून जास्त राहिलेलं दोन्हीत बसत नाही, ते फेकायचं.

### काही पदार्थांचे वेगळे नियम

मटार, मक्याचे दाणे, फ्रोझन पराठे, कटलेट हे सैल करू नका. पराठा आधी काढून ठेवला की चिकट होऊन लाटीत परत जातो. तो दगड असतानाच तव्यावर टाकायचा. पाकिटावर 'थेट तळा' असं लिहिलेलं असेल तर तेच खरं.

पुरणपोळ्या आणि उकडीचे मोदक परदेशात राहणारे बरेच जण पाकिटावर पाकीट साठवतात. पोळी सैल होईपर्यंत पिशवी उघडू नका. हवेतलं दव मग पिशवीवर बाहेरून धरतं. पिशवी उघडली तर तेच पोळीवर बसतं आणि पोळी तव्यावर फाटते. मोदक थेट वाफेवर.

पनीर वीस मिनिटं गरम पाण्यात. ओलं खोबरं रात्री खाली काढा. त्याचं दूध काढायचं असेल तर वाटताना कोमट पाणी घ्या, गार खोबऱ्यातली चरबी थिजलेली असते आणि गाळणीवरच राहते.

आईचं साठवलेलं दूध: रात्रभर फ्रीजमध्ये, किंवा बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात धरून. मायक्रोवेव्ह कधीच नाही. मध्येच चटका देणारे भाग तयार होतात. फ्रीजमध्ये पूर्ण वितळल्यापासून 24 तासांत वापरा आणि पुन्हा गोठवू नका.

दिवाळीत गावी जाताना फ्रीजरमध्ये वाटीभर बर्फ तयार करून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. तळाशी गेलं असेल तर मध्ये वीज इतका वेळ गेली होती की सगळं वितळून परत गोठलं. दिसायला घट्ट असलं तरी ते मासे आता खायचे नाहीत.

## तिसरं काम: गाडीची काच

महाराष्ट्रात या बटणाचं काम बर्फाचं नसून दवाचं आहे. चौकटीची वरची कड वक्र आणि आत वळणदार बाण असतील तर पुढची काच. सरळ आयत असेल तर मागची.

1. धुकं कुठल्या बाजूला आहे ते आधी ठरवा. वायपर एकदा फिरवा. साफ झालं तर बाहेरून, नाही झालं तर आतून.

2. आतून असेल तर: पुढच्या काचेचं बटण दाबा, एसी चालू, रीसर्क्युलेशन बंद, म्हणजे बाहेरची हवा आत. थंडी वाजते म्हणून एसी बंद करू नका. हवेतलं पाणी एसीच काढतो. गार वाटत असेल तर तापमान वाढवा, एसी राहू द्या. ताम्हिणीत किंवा आंबोलीत भिजलेले चार जण गाडीत बसले की रीसर्क्युलेशनवर काच मिनिटभरात पांढरी होते.

3. बाहेरून असेल तर उलटं: एसीने काच फार गार पडली आहे आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर धरते आहे. काचेवरचा झोत बंद करा, तापमान थोडं वाढवा, वायपर फिरवा. अशा वेळी थंड झोत काचेवर सोडलात तर धुकं वाढतच जाईल.

4. मागची काच: आत चिकटवलेल्या बारीक तारा तापतात. त्या काचेला आतून खरवडू नका, फडकंही तारांच्या दिशेनेच, आडवं फिरवा. एक तार तुटली की तेवढी पट्टी धुरकट राहते.

टोरंटो किंवा शिकागोच्या हिवाळ्यात हाच शब्द खऱ्या अर्थाने येतो. आधी सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढा, मग इंजिन सुरू करा, आणि बंद गॅरेजमध्ये ते चालू ठेवू नका. झोत काचेवर सोडून वाट बघा, कडा सुटल्या की प्लास्टिकच्या खरवडणीने वरून खाली काढा. उकळतं पाणी ओतलं तर काचेला तडा जाऊ शकतो. आधीच खड्याचा टवका उडालेला असेल तर हमखास. आणि वायपर काचेला चिकटून गोठलेले असताना त्यांचं बटण दाबू नका, आधी ते हाताने सुटतात का बघा. नाहीतर रबर काचेवरच राहतो, नाहीतर मोटर जळते.